मे महिन्याची बरणी

मे महिन्याच्या बरणीतला पहिला मासा मायाने ट्रेमध्ये काढला, पोटाखालून चीर दिली आणि चिमट्याने आतडं उघडलं. आत कोंडा निघाला.

नदीतल्या माशाच्या पोटात काय सापडतं ते तिला आता पाठ होतं. शेवाळ, किड्यांच्या अळ्या, वाळूचे कण, झालंच तर एखादा प्लॅस्टिकचा धागा. इथे मात्र चक्क भाताचा कोंडा होता आणि त्यात शेंगदाण्याच्या पेंडीचे तांबूस कण. तिने दुसरा मासा उघडला. त्यातही कोंडा. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. सातव्या माशातही तेच निघालं, तेव्हा तिने चिमटा ट्रेमध्ये टाकला आणि त्या आवाजाने पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं.

नदीत कोंडा कोण टाकतं? कोणी टाकत नाही. कोंडा टाकतात तळ्यात, पाळलेल्या माशांना.

माया केदारे अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायची आणि उल्हासनगरच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील शंकरराव आनंदनगरच्या कारखान्यात पाळ्या करत होते, आई अंजना घर सांभाळून शिवणकाम करायची. घरात एवढं शिकणारी ही पहिलीच, त्यामुळे तिचा प्रबंध हा सगळ्या चाळीचा प्रबंध झाला होता. तोंडी परीक्षा दहा दिवसांवर आली होती. ती नीट पार पडली, तर तिच्या मार्गदर्शक विनिता मॅडम तिला पीएच.डी.साठी स्वतःकडे घेणार होत्या. तसा शब्दच दिला होता त्यांनी.

प्रबंधाचा विषय सांगायला सोपा होता. बदलापूरच्या पुढे उल्हास नदीच्या पात्रात वाळूचं एक बेट आहे. त्या बेटाच्या काठाला कोणत्या ऋतूत कोणते मासे असतात, एवढंच पाहायचं. जूनपासून मेपर्यंत दर महिन्याला एकदा जायचं, ठरलेल्या तीन जागी दहा-दहा वेळा जाळं टाकायचं, येईल ते बादलीत घालायचं, मोजायचं आणि महिन्याच्या बरणीत भरायचं. पावसाळ्यात बेट बुडतं, तेव्हा पुराबरोबर वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात. दिवाळीनंतर वाळू उघडी पडते आणि काठाच्या उथळ, कोमट पाण्यात दांडवण आणि खरबीची पिल्लं नाचायला लागतात. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि मासे कमी होतात. अशा नद्यांत सगळीकडे असंच होतं. मायाच्या बेटावर मात्र फेब्रुवारीनंतरही मासे कमी झाले नव्हते. शिंगटी, मरळ, चिलापी, सगळं जानेवारीइतकंच. हाच तिच्या प्रबंधाचा कळस होता. मॅडम भर वर्गात म्हणाल्या होत्या, "देखो, याला म्हणतात फाइंडिंग." त्या वाक्यावर माया महिनाभर हवेत चालत होती. आता पोटांचं शेवटचं प्रकरण तेवढं लिहायचं राहिलं होतं, आणि त्याच पोटांनी घात केला.

तिने एप्रिलची बरणी उघडली. कोंडा. मार्चची उघडली. कोंडा. फेब्रुवारीच्या बरणीतले पाच मासे चिरले, पाचांच्याही पोटात पेंड. शेवटी जीव मुठीत धरून जानेवारीची बरणी काढली. तिच्यात शेवाळ होतं, अळ्या होत्या, वाळू होती. नदीचं स्वच्छ, इमानदार जेवण. म्हणजे जे काही झालं होतं ते जानेवारी आणि फेब्रुवारीच्या मध्ये झालं होतं.

आणि मग तिला फेब्रुवारीतली सकाळ आठवली. जाळं टाकायचे चंदरकाका. बेटासमोरच्या गावातले, साठी ओलांडलेले, शेती आणि नदी दोन्ही बापाकडून मिळालेले. त्यांची पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, पाण्यावर अशी उघडायची की बघत राहावं. त्या सकाळी ते पहिल्यांदाच म्हणाले होते, "बाय, तू हिथंच थांब. मी टोकापलीकडं टाकतो. मानसाची सावली परली की म्हावरा पलतो." आणि माया, पदव्युत्तर माया, वाळूवर पाठमोरी बसून पाण्याचं तापमान लिहीत राहिली होती. वरून वहीत टीपही केली होती, 'स्थानिक ज्ञान: सावलीचा परिणाम.' शहाण्या माणसाला मूर्ख बनवायला फार काही लागत नाही, फक्त त्याला आपण नवीन काही शिकतोय असं वाटायला हवं.

तिने ग्लोव्ह काढले, सवयीने बादली उचलली आणि स्कुटी काढली. बदलापूरपर्यंतचा रस्ता तिला आठवतसुद्धा नाही.

चंदरकाका ओटीवर पागेचं फाटकं विणत बसले होते. बायको सखू उंबऱ्यात चिंचा सोलत होती. मायाचा आज येण्याचा दिवस नव्हता, तरी सखूने काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. मायाने तो घेतला नाही.

"काका, फेब्रुवारीपासूनचे मासे कुठले होते?"

चंदरकाकांची सुई थांबली. ते खोटं बोलतील, चिडतील, निदान मान तरी खाली घालतील, असं तिला वाटलं होतं. यातलं काहीच झालं नाही.

"किसनच्या तल्यातलं," ते म्हणाले. किसन त्यांचा पुतण्या. "पन व्हतं नदीचंच. पुराच्या पान्यानं तल्यात शिरलेलं. पाललेलं नाय."

"तुम्ही ते बेटावर आणून ठेवायचात?"

"पहाटं. वल्या गोनीत. लव्हाल्यात."

माया ओटीच्या पायरीवर बसली. आपण रागावलोय की रडणार आहोत, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ज्या माणसाला ती प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभारांत आई-वडिलांच्या खालोखाल लिहिणार होती, तो आपण केसाने गळा कापल्याचं भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता.

"का पण? माझं काय वाकडं केलं होतं मी?"

आता मात्र चंदरकाकांना नवल वाटलं. "वाकडं? तू दर महिन्याला बादली घेऊन येतंस. माजी आय सांगायची, पान्यावर आलेली बाईमानूस रिकाम्या भांड्यानं घरी जाता कामा नये. आपल्या वाट्यातलं घाल, शेजाऱ्याकडून आन, पन घाल. आमच्याकं कुनी कवा रिकामी नाय गेली. मंग तुला रिकामी कशी पाठवू?"

"काका, ती बादली कालवणासाठी नव्हती. मोजायला होती."

"मंग मोजलंस ना? मी कदी कमी दिलं का?"

 वानोळा होता तो. दारात वाल निघाले तर ओंजळभर शेजारी द्यावेत, शेवगा फुटला तर चार शेंगा पाठवाव्यात, तसा चार महिने चाललेला वानोळा. अंजनासुद्धा शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करत नसे, साखर तरी घालून द्यायची. मायाला हे सगळं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त लागत होतं. वैऱ्याशी भांडता येतं. ज्याने माया लावून आपलं वाटोळं केलं त्याच्याशी कसं भांडायचं?

"बरं," ती महत्प्रयासाने म्हणाली. "तळ्यातले किती ते सोडा. तुमच्या जाळ्यात आलेले किती होते? खरे? फेब्रुवारीचे सांगा."

चंदरकाका पुन्हा विणायला लागले.

"सांगा ना. दहा? पाच?"

"सांगून टाका तिला," सखू उंबऱ्यातून म्हणाली. तिने चिंचेचं सूप बाजूला ठेवलं होतं. "बाय, शिवरातीच्या आधी एक दिस नदीला पांढरा फेस आला. वरून कुठनं आला देव जाने. दोन दिस व्हता न् गेला. तवापासून आमच्या घरात नदीचा म्हावरा शिजला नाय. सुकटीवर दिस काढतो आमी."

"एकही नाही?"

"एक बी नाय."

 मघाशी तिला वाटलं होतं की आपला प्रबंध खोटा आहे. आता कळलं, की प्रबंध हे फारच लहान दुखणं होतं. चार महिने ती त्या पाण्यात गुडघाभर उभी राहून ऑक्सिजन मोजत होती, तापमान लिहीत होती, 'मत्स्यसमुदाय स्थिर' अशी वाक्यं रचत होती. आणि तिच्या पायाशी नदी रिकामी होती. तिने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. बादली भरली होती ना, मग कशाला बघायचं?

"चला," ती उठली. "मला बघायचंय."

"आता? उन्हं कलली."

"आत्ताच."

चंदरकाकांनी पाग खांद्यावर टाकली. पात्र इतकं आटलं होतं की बेटावर पोटरीभर पाण्यातून चालत जाता आलं. टोकाशी ते सवयीने थांबले आणि तिच्याकडे पाहिलं. माया त्यांना ओलांडून पुढे गेली, लव्हाळ्याच्या पलीकडे, जिथे ती जानेवारीनंतर एकदाही आली नव्हती. तिथे वाळूवर एक वाळलेली गोणी घडी घालून ठेवली होती. वर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड होता.

पहिल्यांदा पाग उघडली, पडली, ओढली. वाळू. दुसऱ्यांदा वाळू आणि रिकाम्या शिंपा. तिसऱ्यांदा कुणाच्या तरी चपलेचा पट्टा. माया तोंडाने मोजत होती आणि प्रत्येक वेळी जाळं काठाला येताना पुढे होऊन दोन्ही हातांनी चाचपत होती, एखादी बोटभर खरबी तरी तळाशी अडकली असेल म्हणून. दहा वेळा झालं. दुसऱ्या जागी दहा झालं. तिसऱ्या जागी सातव्या फेकीला चंदरकाकांचा हात खाली आला आणि ते वाळूवर बसले. पागेतून नुसतं पाणी गळत होतं.

"अजून तीन," माया म्हणाली. 

त्यांनी तीन टाकल्या. काही आलं नाही.

तिने तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, कोंड्यापासून गोणीपर्यंत. 

"चारों महीने?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"व्हायवा रद्द करावा लागेल, माया. वर्ष जाईल तुझं."

"हो."

"तू पोटं उघडली नसतीस तर..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. "नाही. बरं झालं उघडलीस. उद्या ये. आणि येताना पाण्याच्या बाटल्या भरून आण."

फोन ठेवल्यावर मायाने वही मांडीवर घेतली. चंदरकाकांना अक्षरओळख बेताची होती, पण आकडे कळायचे. ते सरकून जवळ आले आणि तिचं पेन बघत राहिले.

"काय लिवतंस?"

"शून्य."

"शून्य नको लिवू, बाय." ते पहिल्यांदाच हलले होते. त्यांनी वहीच्या पानावर हात आडवा ठेवला. "माज्या बापानं ह्याच वालूवर पाग टाकली. शून्य कागदावर गेलं की मंग ते खरं व्हतं. तू एक लिव. एक तरी असंल की पान्यात कुठं."

मायाला तेव्हा कळलं, की गोणी नुसती तिच्या बादलीसाठी भरली जात नव्हती. दर महिन्याला एका सकाळी, तिच्यासमोर, या माणसाला आपली नदी पुन्हा भरलेली बघायला मिळत होती. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. तिने त्यांच्या ओल्या मनगटावर हात ठेवला.

"काका, एक लिहिला तर कोणी विचारायला येणार नाही. म्हणतील, आहेत की मासे. शून्य लिहिलं तरच विचारतील, कुठे गेले म्हणून."

 चंदरकाकांनी मान हलवली, होय अशी की नाही अशी ते सांगता आलं नसतं. मायाने नव्या पानावर तीन जागांसमोर तीन शून्यं काढली. मग मागची पानं उलटून फेब्रुवारी ते मे अशा चारही महिन्यांचे आकडे खोडले आणि प्रत्येकासमोर लिहिलं, 'खरे नाहीत.' प्रत्येक पानावर तारीख घालून सही केली. शून्यांच्या पानावर सही झाल्यावर चंदरकाकांनी वही मागून घेतली आणि तिच्या सहीखाली आपलं नाव काढलं, एकेक अक्षर दाबून, वेळ लावून.

गावात परतेस्तोवर अंधारायला आलं होतं. स्कुटीपाशी आल्यावर मायाला बादली आठवली. ती ओटीवर राहिली होती. ती आणायला वळली तर सखू आतून बादली घेऊन येत होती, आणि बादली जड होती. पुन्हा मासे? माया जागीच उभी राहिली.

बादलीत रायवळ आंबे होते, काठोकाठ.

"हे मोजू नको," चंदरकाका म्हणाले. "हे खायाचं हाय."