झाकलेली रास

"उघडली का तुही पेटी?" खळ्यावरून यादोरावांनी विचारलं. धानाच्या राशीवरची चादर त्यांनी अजून काढली नव्हती.

"उघडून राहिले जी बाबा."

कामिनी लिंबाखाली, बाजेवर लॅपटॉप घेऊन बसली होती. दूरदेशी एका डोंगराच्या पोटात पाण्याची अवाढव्य टाकी होती, काळोखात हजारो काचेचे डोळे लावलेली. न्यूट्रिनो कण टिपायला बांधलेल्या त्या टाकीत ती कृष्णद्रव्याचे अगदी हलके कण शोधत होती. कुठं चाहूल न देणारे. पण वैश्विक किरणांचा धक्का खाऊन वेगात आलेच, तर पाण्यात बारीकशी ठिणगी पाडून जाणारे. मोजायची रीत पक्की होईस्तोवर त्या ठिणग्या कुणी बघायच्या नव्हत्या. हवं ते दिसावं म्हणून मन हाताला फसवतं. आज ती झाकली पेटी उघडायची होती.

"आपल्या राशीवानीच," यादोराव म्हणाले होते. तीही पूजेपर्यंत झाकलेली, आणि मोजताना तोंडून शब्द नाही.

"सापडलं तं पहिले मले सांगजो," शेजारचा भोजराज म्हणाला. "तुहा बाप साऱ्या करडी गावात सांगून राहिला, पोरगी पेपरात येते म्हणून."

"तुले काहून? तू का जावई होय?" कामिनीनं चिडवलं.

फोन वाजला. पलीकडून सहकारी प्रितम ओरडला, "कामिनी, जास्त आहेत! अंदाजापेक्षा कितीतरी जास्त!"

भोजराजने टाळी वाजवली. यादोरावांनी टोपी सावरली. कामिनी एकेक ठिणगी टाकीत कुठं पडली ते बघू लागली. जास्तीच्या साऱ्या तळाशी. साऱ्या त्याच दिवसांतल्या, पंप दुरुस्त करून तळातून नवं पाणी सोडलं तेव्हाच्या. गावच्या तलावात मोटर लावली की गाळ वर येतो, तसा पाण्यात विरघळलेला किरणोत्सारी रेडॉन वायू वर आला होता. तोही तशाच ठिणग्या पाडतो.

"प्रितम, हा रेडॉन आहे. ते दिवस काढले तर जास्तीचं काहीच उरत नाही."

"आधी जाहीर तर करू. एवढी वर्षं घातली आपण यात. बाकीचं मग बघू."

तिनं खळ्याकडे पाहिलं. चादरीचं टोक हातात धरून बाप उभा होता.

"नाही," ती म्हणाली, आणि बोली आपसूक तोंडात आली. "मीच लिहून राहिले साऱ्यायले. आत्ता."

लिहून झालं. लॅपटॉप मिटला.

"का झालं, बाई?"

"नाही सापडलं जी बाबा. गाळ होता."

भोजराज काही बोलणार, तोच यादोरावांनी ओठांवर बोट ठेवलं. राशीला हळदकुंकू वाहून चादर ओढली. पायली धानात बुडवली. कामिनीनं पोत्याचं तोंड धरलं. सरसर धान पडत राहिलं.

शेवटची पायली अर्धीच भरली. यादोरावांनी ती क्षणभर उन्हात धरली, आणि अर्धीच मोजून पोत्यात ओतली.