एका बहिणीसाठी

एस्तेरला गाठ सापडली ती मंगळवारी सकाळी, अंघोळ करताना, आणि त्या क्षणापासून घरातले सगळे आवाज लांब गेले. बाहेर तिची सात वर्षांची मुलगी, निकिता, रिबिनीसाठी ओरडत होती. कुकरची शिट्टी झाली. सॅमसनने अंगणात स्कूटरला किक मारली. ऐकू सगळं येत होतं, पण शेजारच्या घरातलं यावं तसं. डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, चिंचोक्याएवढी गाठ. दुखत मुळीच नव्हती. दुखली असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, कारण दुखणाऱ्या जागेला माणूस निदान मलम तरी लावतो.

बाहेर येऊन तिने मुलीला रिबीन बांधली, नवऱ्याच्या हातात डबा दिला, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

न सांगण्याला कारण होतं. सॅमसनची थोरली बहीण, सुवार्ताताई, पाच वर्षांपूर्वी छातीच्या कॅन्सरने गेली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे सॅमसनला वाढवलं ते ताईनेच. दीड वर्ष तो तिला घेऊन पुण्याच्या खेपा घालत होता. ती गेल्यावर तो रडला नाही, कुणाशी भांडला नाही, नुसता गप्प झाला. घरात हसायचा, निकिताचे पाढे घ्यायचा, पण ताईचं नाव निघालं की उठून बाहेर जायचा. रविवारी चर्चमध्ये गीताचं पुस्तक उघडून उभा राहायचा, ओठ मात्र हलायचे नाहीत. कुणी प्रार्थना करायला सांगितली तर ‘दुसऱ्या कुणाला सांगा’ म्हणायचा. अशा माणसाला परत दवाखान्याच्या त्याच जिन्यांवर चढवायचं? एस्तेरचं मन धजेना. साधं काही निघालं तर सांगायचीच गरज नाही, असं तिने स्वतःला समजावलं. आणि साधं नाही निघालं तर, याच्या पुढे ती जातच नव्हती.

बुधवारी ती शहराच्या सावेडी भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली, गुरुवारी सोनोग्राफीला. तिथेच सुई घालून नमुना घेतला. नमुना पुण्याला जाणार होता. ‘पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी या,’ असं सांगून त्यांनी तिला एक चिठोरं दिलं. एस्तेरने ते पर्समध्ये बसच्या जुन्या तिकिटांत सरकवलं आणि रिक्षा केली.

मग ते दिवस सुरू झाले. दिवस कसले, एकच लांब दुपार होती ती. एस्तेर एका बालवाडीत शिकवायची. जेवणानंतर बावीस पोरं सतरंजीवर निजायची, पंखा हळूहळू फिरायचा, नोव्हेंबरचं मऊ ऊन खिडकीतून आत येऊन पोरांच्या पायांवर पडायचं. एस्तेर भिंतीला टेकून त्यांचे श्वास बघत बसायची. बघता बघता तिचाही डोळा लागायचा, आणि दर वेळी त्या सतरंजीच्या कडेला सुवार्ताताई बसलेली दिसायची. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. खडे निवडायची, मान वर करायची नाही. एस्तेर तिला विचारायला जायची, ‘ताई, तुमचीही सुरुवात अशीच झाली होती का हो?’ पण स्वप्नात तोंड उघडत नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. तेवढ्यात एखादं पोर शू आली म्हणून उठवायचं.

शनिवारी तिला राहवेना. सांगायचं तर नाही, पण कुणाच्या तरी कानावर घालायचं, अशा विचित्र कात्रीत ती सापडली. चर्चच्या दारात प्रार्थनेच्या विनंत्यांसाठी लाकडी पेटी असते. रविवारी पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचतात आणि सगळी मंडळी मिळून प्रार्थना करते. एस्तेरने वहीचं पान फाडून डाव्या हाताने लिहिलं, कारण तिचं बालवाडीचं वळणदार अक्षर अख्ख्या चर्चला पाठ होतं. ‘एका बहिणीच्या छातीत गाठ आहे. रिपोर्ट यायचा आहे. तिच्यासाठी प्रार्थना करावी.’ खाली नाव नाही; चर्चमध्ये सगळ्या बायका बहिणीच.

आता नाव नसलेली चिठ्ठी म्हणजे आमच्या लोकांना आमंत्रणच. रविवारी चिठ्ठी वाचून झाली, प्रार्थना झाली, आणि चर्चच्या पायरीवर महिला मंडळाच्या सविताबाईंनी तपास हाती घेतला. सविताबाई मूळच्या पाथर्डीकडच्या. शहरात तीस वर्षं काढली तरी बोलणं गावाकडचंच राहिलं होतं.

‘मी सांगते कोन हाय ती,’ त्या म्हणाल्या. ‘आपली एलिझाबेथ. गुरुवारी सोनोग्राफीच्या दवाखान्यातून निघताना मी डोळ्यानं पाहिली न्हवं! एकटी बाई, ना लेक ना सून, कुनाला सांगनार? म्हनून चिठ्ठी टाकली बिचारीनं.’

एलिझाबेथमावशी म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, वय अडुसष्ट. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात तीन डबे पोचले. सोमवारपासून तर वारच वाटून दिले गेले, आणि बुधवार आला एस्तेरच्या वाट्याला.

बुधवारी ती डबा घेऊन निघाली. आपल्या दुखण्याचा डबा आपणच दुसरीला पोचवायचा, हा काय प्रकार आहे, तिचं तिलाच कळेना. मावशींनी दार उघडलं, डबा घेतला, झाकण काढून वास घेतला.

‘मेथी. बरं झालं. रविवारपासून सगळ्या जणी मला शिराच खाऊ घालतायत.’

‘मावशी, तुमची तब्येत...’

‘माझ्या मूत्रपिंडात खडा आहे, चार मिलिमीटरचा. भरपूर पाणी प्यायला सांगितलंय.’ मावशींनी तिला खुर्चीवर बसवलं. ‘गुरुवारी मी तिथेच बाकावर होते, एस्तेर. तू माझ्यासमोरून गेलीस. तू कुणालाच बघत नव्हतीस.’

एस्तेर खुर्चीच्या कडेला सरकली. ‘मग तुम्ही बायकांना सांगितलं का नाही, की ती तुम्ही नाही म्हणून?’

‘मी नाही म्हटलं असतं तर सविताबाई दुसऱ्या दारी गेली असती. फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली असती. माझं काय, माझ्या वयात काहीही खपून जातं. शिवाय फुकटचं जेवण.’ मग त्या हसायच्या थांबल्या. ‘पण नवऱ्याला सांग.’

‘त्यांना नाही सोसणार, मावशी. तुम्हाला माहीतच आहे.’

‘सोसणार नाही, हे त्यानं ठरवलं की तू?’

एस्तेर उठली. रिकामा डबा घेऊन ती निघाली. रस्त्यात शाळेच्या बस, भाजीच्या गाड्या, कडेच्या झाडांवर कलकलणाऱ्या साळुंक्या, सगळं पातळ पडद्यामागे चाललं होतं, आणि त्या पडद्याच्या अलीकडे ती एकटी होती.

शुक्रवारी संध्याकाळी एलिझाबेथमावशींच्या घरी प्रार्थनासभा ठरली. सॅमसन एस्तेरला स्कूटरवरून घेऊन आला. अशा वेळी तो बाहेर स्कूटरपाशी थांबायचा, पण त्या दिवशी मावशी स्वतः दारात आल्या आणि हाताला धरून त्याला आत घेऊन गेल्या. पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीने बसली. एक गीत झालं. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, तशा मावशी म्हणाल्या, ‘आज सॅमसननं प्रार्थना करावी अशी माझी इच्छा आहे.’

सगळ्यांनी माना खाली घातल्या, पण कुणाचे डोळे मिटले नव्हते. सॅमसनचा चेहरा उतरला. आजारी म्हातारीला नाही कसं म्हणणार? तो गुडघ्यांवर आला. एस्तेर त्याच्या शेजारी होती.

‘देवा बापा,’ तो म्हणाला आणि थांबला. ‘मी पाच वर्षं तुझ्याशी बोललो नाही. तुला माहीत आहे का बोललो नाही ते. मागच्या वेळी मी मागितलं आणि तू दिलं नाहीस. आज परत मागतो. या बहिणीला आमच्यातून नेऊ नको. आणि तुझ्या मनात दुसरं काही असेल, तर निदान तिला एकटीनं भिऊ देऊ नको. रात्री जाग आली तर शेजारी कुणीतरी असू दे. तिला कुणापुढे हसून दाखवावं लागू नये, बापा.’

एवढ्यावरच तो ‘आमेन’ म्हणाला. सविताबाई मुसमुसायला लागल्या. एलिझाबेथमावशी, जिच्यासाठी हे सगळं मागणं चाललं होतं ती बाई, डोळे उघडे ठेवून एस्तेरकडे बघत होती. आणि एस्तेर? तिला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत आणि वरून कुणीतरी आपलं नाव न घेता आपल्याला हाका मारतंय. त्याच्या दंडाला तिचा दंड लागत होता. एक शब्द बोलली असती तर झालं असतं. पण गीत सुरू झालं, मग चहा आला, आणि ती पाण्याखालीच राहिली.

सोमवारी शाळेत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तिने रिपोर्ट आणला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, चष्मा काढला, आणि स्पष्ट मराठीत सांगितलं, ‘साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. तुझ्या वयाच्या बायकांमध्ये असते अशी. कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करू, वाढते का ते बघू.’

‘म्हणजे ती राहणार?’

‘राहू दे की. तिचा काही त्रास नाही.’

दवाखान्याच्या फाटकात येऊन एस्तेरने आधी मावशींना फोन लावला. ‘साधी आहे,’ एवढंच म्हणाली. मग मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे माझे डबे बंद,’ आणि फोनमध्येच रडायला लागल्या.

खरं तर आता सांगायची गरज उरली नव्हती. तिने तसंच ठरवलं होतं ना? पण ती रिक्षात बसली आणि कार्यशाळेचं नाव सांगितलं. सॅमसन एसटीच्या कार्यशाळेत इंजिनांचं काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाशी आला, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला, घाबरलेला. ‘काय झालं? निकिता?’

‘निकिता शाळेत आहे. काही झालं नाही. अहो, ती चिठ्ठी मावशींची नव्हती. माझी होती. आज रिपोर्ट आला. साधी गाठ आहे.’

तो तिच्याकडे बघत राहिला. शुक्रवार, बुधवार, रविवार, एकेक दिवस तो मनात मागे जाऊन उलगडत असावा. ‘म्हणजे शुक्रवारी मी,’ तो म्हणाला, ‘तुझ्यासाठी...’

‘हो.’

त्याने रिपोर्टकडे हात केला, बोटांवरचं काळं बघून मागे घेतला. ‘घरी बोलू,’ म्हणाला आणि आत निघून गेला. एकदाही वळून पाहिलं नाही.

एस्तेर घरी आली. दिवस आनंदाचा होता. तिने तांदूळ निवडले, पुन्हा निवडले. निकिता शाळेतून येऊन खेळायला गेली. सहाच्या सुमाराला स्कूटर वाजली. सॅमसन सरळ मोरीत गेला आणि हात धुवायला लागला. साबण लावला, घासले, पुन्हा साबण लावला. ती दारात उभी राहिली.

‘रागावलात?’

‘ताईनं लपवलं होतं,’ तो पाण्याकडे बघत म्हणाला.

‘काय?’

‘तिला गाठ लागली, तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. तुझ्याशी. नंतर तुला दिवस गेले, मग निकिताच्या वेळचे तुझे हाल. सॅमसनच्या डोक्याला ताप नको म्हणून ती गप्प बसली. किती दिवस, माहीत आहे? दोन वर्षं. मी पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही इतके दिवस काय करत होतात? मी कुणालाच सांगितलं नाही हे. तुलाही नाही.’ त्याने नळ बंद केला. ‘तिनं मला सोसणार नाही म्हणून सांगितलं नाही, एस्तेर. आणि ते मला सोसत नाही.’

ज्यातून त्याला वाचवायचं म्हणून एस्तेर तेरा दिवस दात आवळून राहिली, नेमकं तेच तिने त्याला पुन्हा दिलं होतं. माफ करा म्हणावं, तर तो शब्द फार लहान वाटला. तिने पुढे होऊन त्याचा ओला, गार हात धरला, त्याला खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, आणि तो हात आपल्या ब्लाउजच्या आत, काखेच्या अलीकडे नेऊन ठेवला.

‘इथे. जरा दाबा.’

त्याची बोटं चाचपत राहिली. मग थांबली. ‘हीच?’

‘हीच.’

‘सरकतीय.’

‘साधी असली की सरकते म्हणतात.’

त्याने हात काढला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही. बाहेर मुलं ओरडत होती, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, आणि ती अगदी जवळ, कानाशी झाल्यासारखी एस्तेरला ऐकू आली.

‘खूप भ्यायले होते हो मी,’ ती म्हणाली.

‘सांग,’ सॅमसन म्हणाला. ‘पहिल्या दिवसापासून सांग. काही गाळू नको.’