सावळदरी विक्रीस आहे

"गाव तू विकायला काढलंस का न्हाई, एवढंच सांग," असं म्हणत सरपंच सुग्रीवअण्णांनी मोबाइल काउंटरवर ठेवला.

स्क्रीनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सावळदरी.भारत. विक्रीस आहे. खाली सिद्धोधनचा नंबर. ती ओळ त्यानंच टाकलेली होती.

"अण्णा, हे गाव न्हाई. इंटरनेटवरचा पत्ता हाय हा, आपल्या मराठी अक्षरातला."

"नाव कुणाचं हाय?"

"गावाचं."

"मग तुझ्याकडं कामून?"

याचं उत्तर होतं, पण अण्णांसोबत आलेल्या दोघांच्या देखत ते बोलता येण्यासारखं नव्हतं.

बोरीच्या स्टँडजवळ सिद्धोधनचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. राहायला तो शेजारच्या सावळदरीत, बौद्धवाड्यात. परभणीतल्या एका कार्यक्रमात त्यानं ऐकलं होतं की वेबसाइटचे पत्ते आता मराठीत मिळतात, आणि गावांची नावं म्हणजे हायवेलगतचे प्लॉट. आज घेऊन ठेवले तर उद्या लोक शोधत येतील. सिद्धोधनच्या घराण्यात कुणाच्याच नावावर सातबारा नव्हता. हा प्लॉट घ्यायला तलाठ्याच्या पायऱ्या झिजवायच्या नव्हत्या, आडनाव ऐकून कुणी वरखाली बघणार नव्हतं. गंगाखेड आधीच कुणीतरी नेलं होतं. येलदरी मिळालं, आणखी दोन-चार गावं मिळाली. सगळ्यात शेवटी त्यानं आपलं सावळदरी घेतलं आणि त्या दिवशी उगाचच घरी पेढे नेले. विक्रीची ओळ सगळ्या नावांवर एकदमच टाकली गेली. गिऱ्हाईक मात्र एकाही नावाला आलं नाही.

आता ग्रामपंचायतीला कुठल्याशा स्पर्धेसाठी वेबसाइट काढायची होती, म्हणून ग्रामसेवकानं नाव शोधलं आणि ही पाटी सापडली.

"कागद दाखव," अण्णा म्हणाले.

"कागद नसतो अण्णा. ईमेल येतो."

मागचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. कागदाशिवाय गाव नावावर होतं, म्हणजे पाणी किती खोल असेल!

त्याच सुमारास गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली होती आणि घरांच्या मालकीची कार्डं काही केल्या येत नव्हती. लोकांनी दोन्हीची सांगड घातली. गावच सिद्धोधनच्या नावावर गेलंय, मग कार्डं येतील कुठून? पिठाच्या गिरणीत, पारावर, दूध डेअरीवर हेच. चतुराबाई तर थेट बोरीला दुकानात आली. एकटी राहणारी म्हातारी. दर महिन्याला निराधारचे पैसे आले का, हे सिद्धोधनच बघून द्यायचा.

"बाबा, माझं घर तेवढं सोड," तिनं हात जोडले. "दोनच खोल्या हायत."

"मावशे, अगं मी तुझं घर कशाला घीन?"

"तसं न्हाई. लोक म्हणायलेत म्हणून म्हनलं." आणि पैशांसाठी मशीनवर अंगठा न लावताच ती परत गेली.

घरी मनिषानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "खरं सांगा. त्यात कायतरी हाय का? बचत गटात बाया मी आले की गप बसायल्यात."

"तुलाबी तसंच वाटायलंय?"

"मला काय वाटायचंय? पण तुमी मला तरी कव्हा सांगितलं होतं?"

त्याचे वडील भगवानराव बाहेर ओट्यावर बसले होते. सावळदरीच्या शाळेत उभा जन्म गुरुजी म्हणून घालवलेला माणूस. त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं.

"सिद्धोधन, विकणार होतास का तू?"

सिद्धोधन ओट्यावर आला. "बाकीची विकणार होतो. हे ठरवलं नव्हतं. पण चांगलं गिऱ्हाईक आलं असतं तर हेही विकलं असतं, बाबा."

गुरुजींनी मान हलवली. सिद्धोधनला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या ग्रामसभेत तो उभा राहिला. नाव ग्रामपंचायतीला देतो, एक रुपयाही नको, म्हणाला. सगळ्यांदेखत त्यानं ते ग्रामसेवकाच्या ईमेलवर करून दिलं आणि बजावलं, "दरवर्षी भरणा करावा लागतो. चुकला की नाव सुटतं, मग कुणीबी घेऊ शकतं."

टाळ्या वाजल्या नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "फुकट कामून द्यायलाय? काहीतरी असंल."

अण्णांनी घसा खाकरला. "याची झेरॉक्स तर ठेवली न्हाईस ना?"

"याची झेरॉक्स निघत न्हाई, अण्णा."

"तुझं दुकानच झेरॉक्सचं हाय, म्हणून विचारलं." सभा हसली. तोही हसला.

वेबसाइट काही निघाली नाही. स्पर्धा होऊन गेली, ग्रामसेवकाची बदली झाली. भरण्याची वेळ जवळ आली तेव्हा सिद्धोधननं अण्णांना दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्या वेळी अण्णा म्हणाले, "तुला लय घाई झाली? परत तुझ्याच नावावर करायचा इचार दिसायलाय." तिसऱ्यांदा तो गेला नाही. मुदत टळून नाव सुटलं. दुकानात बसून त्यानं तपासलं, तर ते कुणालाही घेता येण्यासारखं मोकळं पडलेलं होतं. एक बटण दाबायचं होतं. त्याचं बोट माउसवर होतं. मग बायकांचं गप्प बसणं आठवलं, चतुराबाईचे जोडलेले हात आठवले, आणि त्यानं कॉम्प्युटर बंद करून टाकला. बाकीची नावंही त्यानं नंतर एकेक करून सोडून दिली.

उन्हाळ्यात सावळदरी.भारत उघडलं की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसू लागली. कुणी घेतलं होतं, कुठून घेतलं होतं, काही कळायला मार्ग नव्हता. गावाला मात्र शोधायची गरज पडली नाही.

"फुकट देणाऱ्यानं शेवटी वसूल केलंच," असं पारावर बोललं गेल्याचं मनिषानं त्याला सांगितलं. या वेळी तिनं काही विचारलं नाही. डबा भरला आणि दारापर्यंत सोडायला आली.

त्या दिवशी त्यानं शटर वर केलं तेव्हा मागे रिक्षा थांबली आणि भगवानराव उतरले. धुतलेला पांढरा शर्ट, पायात चप्पल नव्हे, बूट. दुकान टाकल्यापासून ते कधी इकडे फिरकले नव्हते.

"काही काम होतं का, बाबा?"

"काम न्हाई. बसतो."

दारातल्या बाकावर ते ताठ बसले. सावळदरीचे लोक तावातावानं यायचे आणि बाकाजवळ येऊन अडखळायचे. बहुतेकांनी त्यांच्याच हाताखाली पाटी गिरवलेली. "नमस्कार गुरुजी." कुणी "जय भीम गुरुजी." मग आवाज खाली यायचा, आधार कार्डाची एखादी झेरॉक्स काढून ते निघून जायचे. गुरुजी प्रत्येकाला नावानं ओळखत होते, लेकरंबाळं विचारत होते. इंटरनेटवरच्या त्या नावाबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

दुपारी सुग्रीवअण्णा आले. हातात मोबाइल, त्यावर तीच जाहिरात. बाकावर कोण बसलंय ते दिसताच मोटारसायकलजवळच थांबले.

गुरुजी बाकावर सरकले. "ये सुग्रीव, बस. उन्हात नको उभा राहूस."

अण्णांनी मोबाइल खिशात टाकला. पण पायरी चढले नाहीत. थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं आणि गाडी वळवून गेले.

गुरुजी मात्र सरकले होते तसेच राहिले, अर्ध्या बाकावर, शेजारची जागा मोकळी ठेवून, संध्याकाळी शटर खाली येईपर्यंत.