धूर कुठे जातो

लॉर्नने शेवटचा पेच काढला आणि थोरलीचा आठवा हात छातीशी धरून सावकाश जमिनीवर टेकवला. पत्र्याच्या त्या जाड नळातून जुनी काजळी भुरभुरत त्याच्या बुटांवर पडली. जिन्याच्या वरच्या पायरीवर नेटी उभी होती. अंगात ओव्हरकोट आणि ओव्हरकोटावर स्वयंपाकाचा एप्रन.

"हळू रे. या घरात ती माझ्या आधी आली आहे."

"म्हणून तर मिठी मारून उतरवतोय, आई."

"हं. सासूच्या वाट्याला आली नाही कधी एवढी माया."

थोरली म्हणजे तळघरातली भट्टी. नेटीच्या सासऱ्याने ती कोळशासाठी बसवली, पुढे ती गॅसवर आली. मधे लोखंडी पोट आणि त्यातून आठ दिशांना वर गेलेले नळ, एकेका खोलीला एकेक. ना पंखा, ना आवाज. ऊब आपली आपण वर चढायची आणि सकाळी पाय खाली टाकावा तर जमीन कोमट असायची. नेटीचा नवरा ओरेस्ट भट्टीला थोरली म्हणायचा आणि नेटीला धाकटी. "थोरली कधी उलटून बोलत नाही," हे तो पाहुण्यांसमोर हमखास सांगायचा, आणि नेटी हमखास त्याच्या ताटात बटाटा भरलेली एक पिरोगी कमी वाढायची.

ओरेस्टला जाऊन चार वर्षं झाली होती. या हिवाळ्यात थोरलीही दोनदा पेटेनाशी झाली, आणि इकडे कॅनडात, आमच्या मॅनिटोबात डिसेंबरात भट्टी विझली की घर एका दिवसात दगड होतं. नेटीच्या मुलीने, डारियाने, फोनवर निकाल देऊन टाकला: नवी भट्टी बसव, नाहीतर शहरातल्या वृद्धाश्रमात चल. तिथे दारं आपोआप उघडतात म्हणे. "आणि माणसं आपोआप मरतात," असं म्हणून नेटीने फोन ठेवला आणि लगेच दुसरा फोन जावयाला लावला. पंचक्रोशीतल्या भट्ट्या लॉर्नच बसवायचा. मात्र डारियाने त्यालाही बजावलं होतं, की घर सुरक्षित आहे असं तू छातीवर हात ठेवून सांगितलंस तरच आई तिथे राहील. नवऱ्याची भीड तिने कधी ठेवली नव्हती.

दुपारपर्यंत थोरलीच्या जागी कपड्यांच्या कपाटाएवढी राखाडी पेटी उभी राहिली. नेटी चहा आणि खसखस भरलेल्या गोड वळ्या घेऊन खाली आली आणि पेटीभोवती एक चक्कर मारली.

"एवढीशी? ही घर तापवणार की माझे पाय?"

 लॉर्न वाटीत साबणाचा फेस करून गॅसच्या पाइपाच्या प्रत्येक जोडाला ब्रशने लावत होता.

"आता पाइपाला आंघोळ?"

"गळत असेल तर फुगे येतात. बघा तुम्ही पण, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

दोघंही वाकून बघत राहिली. फेस सुकत आला, फुगा एकही नाही.  मग लॉर्नने कळ दाबली. आत काहीतरी घुमलं, टिकटिकलं, आणि पेटीच्या काचेच्या इवल्या खिडकीत निळ्या ज्योतींची ओळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकत गेली, वेदीवरच्या मेणबत्त्या कुणी ओळीने लावत जावं तशी. नेटीने नकळत छातीवर क्रूसाची खूण केली. थोडक्या वेळात वरच्या खोलीच्या जमिनीतल्या जाळीतून ऊबदार वारा आला. ती तिथे जाऊन उभी राहिली तेव्हा तिचा डोक्याचा रुमाल हलला.

"लॉर्न, ही फुंकर घालते रे!"

तिला आणखी बघायचं होतं. बूट चढवून ती बाहेर गेली. भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर आले होते, एक ज्योतीसाठी हवा घेणारा, एक धूर सोडणारा. बर्फाचे ढीग कितीही चढले तरी पाइपांची तोंडं बुजू नयेत म्हणून लॉर्नने ते छातीएवढ्या उंचीवर काढले होते. नेटीने हातमोजा काढून धुरासमोर तळवा धरला. आत आली ती ओला तळवा पुढे करूनच.

"धूर कोमट आहे. गायीच्या श्वासाएवढाच."

"ऊब ती आतच ठेवून घेते. बाहेर जातं ते उरलंसुरलं."

"आणि थोरलीच्या वेळी धुरांड्याभोवती छपरावर बर्फ टिकायचा नाही," नेटी म्हणाली.  "एवढी वर्षं आपण आकाशच तापवत बसलो की."

तिने लॉर्नच्या थाळीत आणखी दोन वळ्या वाढल्या. तिच्या लेखी काम संपलं होतं. पण लॉर्न गुडघे टेकून कोपऱ्यातल्या पाण्याच्या बंबाजवळ बसला. बंबही गॅसचा, खाली स्वतःची छोटी ज्योत असलेला. इतकी वर्षं त्याचा धूर थोरलीच्या धुराबरोबर एकाच धुरांड्यातून जायचा. थोरली धुरांडं तापतं ठेवायची, बंबाचं त्यात भागून जायचं. आता बंब एकटा पडला होता. म्हणून सकाळीच लॉर्नने छपरावर चढून धुरांड्यात एक अरुंद धातूची नळी सोडली होती. आता ती नळी धूर ओढते की नाही, हे बघायचं होतं.

"वर जा आणि घरातले सगळे पंखे लावा. चुलीवरचा, न्हाणीतला, कपडे वाळवायचं मशीनसुद्धा. दारं-खिडक्या घट्ट बंद."

"कशाला?"

"हे पंखे घरातली हवा बाहेर फेकतात. ती कुठून तरी परत आत येणार. बाकी वाट मिळाली नाही तर धुरांड्यातून येते, धूर बरोबर घेऊन. म्हणून घराला मुद्दाम त्याचा सगळ्यात वाईट दिवस दाखवायचा. त्या दिवशी धूर वर गेला तर रोजच जाईल."

"सगळ्यात वाईट दिवस," नेटीने ते शब्द घोळवले. "आणि धूर दिसणार कसा? गॅसला तर धूर नसतो."

"नसतोच दिसत. वासही नाही. एखादी मेणबत्ती द्या, ती विझवून तिच्या धुरावरून कळतं."

वर एकेक पंखा सुरू झाला आणि घर गुरगुरायला लागलं. नेटी परत आली तेव्हा तिच्या हातात मधमाश्यांच्या मेणाची जाड, पिवळी, अर्धी जळलेली मेणबत्ती होती.

"तो गेला तेव्हा त्याच्या उशाशी लावलेली. जपून वापर."

बंबाची ज्योत लागली. धुरांडं तापायला जरा वेळ द्यायचा असतो. नेटी भिंतीजवळच्या लाकडी खुर्चीत बसली. ती ओरेस्टची खुर्ची. हिवाळाभर तो थोरलीच्या उबेत इथे बसून मासे पकडायची जाळी विणायचा. आणि त्या खुर्चीत बसल्यावर नेटी ती गोष्ट सांगणार, हे लॉर्नला माहीत होतं. आमच्या गावात ती माहीत नसलेला माणूस नाही.

"नाताळची पवित्र संध्याकाळ होती. बारा पदार्थ व्हायचे होते, मी पहाटेपासून चुलीशी. मासे तळते, कोबी गुंडाळते, चुलीवरचा पंखा दिवसभर चालू, तरी सगळं घर वाफेनं भरलेलं. उपासानं माझं डोकं ठणकत होतं. हा सारखा भांड्यात बोटं घालायचा, म्हणून मी त्याला खाली हाकलला. म्हटलं, पहिला तारा दिसला की उपास सोडायला हाक मारीन." ती खुर्चीच्या हातावर तळवा फिरवत होती. "तारा दिसला. हाक मारली. आला नाही. खाली येऊन बघते तर मांडीवर जाळं, डोळे मिटलेले, आणि गाल कसे? लग्नाच्या दिवशी होते तसे. लालबुंद. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, लॉर्न. अंत्यविधीवाला गालांना रंग लावायला आला होता, त्याने डबी उघडलीच नाही. पाद्री म्हणाले, देव ज्याला हात धरून नेतो त्याचा चेहरा असा असतो."

"मी होतोच की तेव्हा," लॉर्न म्हणाला. ओरेस्टला जिन्यावरून वर नेणाऱ्या चौघांत तो होता. त्या चेहऱ्याकडे बघून त्याच्याही अंगावर काटा आला होता. हृदयाच्या गोळ्या चालू असलेला म्हातारा झोपेत गेला. डॉक्टरने विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. त्या लाल गालांचा आधार नेटीला चार वर्षं पुरला होता.

लॉर्नने मेणबत्ती लावली, विझवली आणि धुराची दोरी बंबाच्या टोपीखालच्या फटीशी नेली. ती आत ओढली जायला हवी होती. धूर फटीपाशी थबकला, वळला आणि लॉर्नच्या तोंडावर आला.

त्याने पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली. धूर पुन्हा बाहेरच. लॉर्नने ताबडतोब बंबाचा गॅस बंद केला आणि बाहेर उघडणारं तळघराचं दार सताड उघडून आतली हवा जाऊ दिली. थंडीने दोघांचे डोळे पाणावले. नळी नवी, जोड घट्ट. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की लोणच्याच्या बरण्यांच्या मागे, ताज्या हवेच्या पाइपाखाली उभं असून त्याच्या मानेला गार काही लागत नव्हतं. बाहेरची हवा तळघरात यावी म्हणून ठेवलेला वीतभर रुंद पाइप, आणि वारा नाही. त्याने दंडापर्यंत हात आत घातला आणि कापडाचा एक बोळा ओढून काढला. राखाडी लोकरीची बंडी होती ती, चामड्याच्या बटणांची.

"ठेव ती तिथेच," नेटी म्हणाली. "त्याची आहे."

"ही कुणी कोंबली इथे?"

"मी. पहिली थंडी पडली की कोंबते. आधी तो कोंबायचा, पोतं नाहीतर जुनी चादर. म्हणायचा, गॅसचे पैसे भरायचे आणि या भोकातून वारा आत घ्यायचा, शहाणपण आहे का? गावात निम्मी घरं कोंबतात, तुला काय सांगायचं. तो गेल्यावर म्हटलं, निदान त्याचं काहीतरी तिथे असू दे."

"दर वर्षी कोंबायचा?"

"दर वर्षी. पहिल्या बर्फाला."

लॉर्न बंडी हातात धरून उभा राहिला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, थोरली होती त्या जागेकडे पाहिलं, मग वर छताकडे. छतापलीकडे चुलीवरचा पंखा घरघरत होता. गॅसच्या धुराने गुदमरलेल्याचे गाल लाल होतात, हे त्याला दर दोन वर्षांनी परवान्याच्या वर्गात शिकवत. पण त्या रात्री तो जावई म्हणून बघत होता, भट्टीवाला म्हणून नाही.   त्याने दार लावलं, बंब पुन्हा पेटवला, आणि थोड्या वेळाने मेणबत्ती विझवून धरली. पाइपातून थंड हवा पाण्यासारखी जमिनीवर उतरत होती. धूर फटीत शिरला, सरळ, एकदाही न वळता.

नेटी खुर्चीतून उठून जवळ आली होती.

"परत दाखव."

त्याने परत दाखवलं. धूर वर गेला.

"आता बंडी घाल आत."

"आई, कशाला ते?"

"घाल म्हणते ना."

त्याने बंडी पाइपात कोंबली. धूर घुटमळला आणि खाली वळून त्या दोघांच्या मधे पसरला. नेटी त्या धुराकडे आ वासून बघत होती, मघाशी निळ्या ज्योतींकडे बघितलं होतं तशीच. मग ती जिना चढून वर गेली. चुलीवरच्या पंख्याची घरघर थांबली, आणि जरा वेळाने लॉर्नच्या हातातला धूर चाचपडत चाचपडत फटीकडे वळला. पंखा सुरू झाला. धूर परत बाहेर आला. लॉर्नने बंडी ओढून काढली. जिन्यावर नेटीची पावलं वाजली तेव्हा ती त्याच्या हातातच होती.

ती शेवटच्या पायरीवर बसली.

"या न दिसणाऱ्या धुरानं माणसाला काय होतं?"

"झोप येते. डोकं दुखतं आधी कुणाकुणाचं."

"डोकं दुखतं," नेटी म्हणाली. "आणि झोपलेल्याला कळतं काही?"

"नाही. काहीच नाही कळत, आई. शपथ."

"आणि चेहरा?"

लॉर्नने पाना उचलला आणि बंबाच्या नळीचा मघाशीच घट्ट केलेला जोड आणखी घट्ट करू लागला. नेटी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिने बंडीसाठी हात पुढे केला. त्याने बंडी तिला दिली. तिने ती झटकली, ओव्हरकोट काढून एप्रनावरच अंगात घातली, आणि चामड्याची बटणं खालून वर एकेक लावली. बंडी तिला गुडघ्यांपर्यंत आली. मग तिने त्या पाइपाखाली जाऊन तळवा धरला.

"किती गार आहे," ती म्हणाली. "एवढंच हवं होतं होय रे घराला."

लॉर्नने जिन्याच्या वर, तिच्या झोपायच्या खोलीबाहेर विषारी हवेची सूचना देणारा गजर बसवला आणि कळ दाबून तो वाजतो हे तिला ऐकवलं. मग हत्यारं पेटीत भरायला तो खाली आला. नेटी जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"डारियाला सांग, घर चांगलं आहे."

"सांगतो."

"तेवढंच सांग." तिने बंडीचं वरचं बटण चाचपलं. "ती पोरांना दर पवित्र संध्याकाळी आजोबांच्या गालांची गोष्ट सांगते. धाकटी नात तर ती ऐकल्याशिवाय जेवत नाही."

"नाही सांगणार, आई."

ती स्वयंपाकघरात गेली. तव्यावर काहीतरी चुरचुरलं, कांद्याचा वास आला, वाफेने वरची खिडकी धुरकटली. पण पंख्याचा आवाज येईना. लॉर्न हत्यारांची पेटी बंद करून वाट बघत राहिला.

"लॉर्न," वरून हाक आली. "लावू का रे पंखा?"

"लावा ना."

"तू मेणबत्ती धर आधी."

त्याने ओरेस्टची मेणबत्ती पुन्हा लावली आणि विझवली.

"धरली, आई."

पंखा सुरू झाला.

"कुठे जातोय?"

"वर जातोय."

"नीट बघ," नेटी म्हणाली. "मी म्हणेपर्यंत बघत राहा."