पूर्वेच्या बोगद्याचा आकडा

मी खाणीतल्या टॅबलेटमधलं ॲप बोलतोय. मला भोंगा नाही, आवाज नाही. जे सांगायचं ते मी पडद्यावरच सांगतो, आणि पडदा शेवटपर्यंत वाचणारं माणूस मला अजून भेटायचंय.

खाली नेट पोचत नाही, म्हणून तर माझा जन्म. ठिणगी पडली की पेटणारा एक वायू खाणीत साठतो. त्याला ना रंग, ना वास. तो मोजणारी यंत्रं बोगद्यांच्या भिंतींवर आहेत. त्यांच्याजवळून टॅबलेट नेला की आकडा आपोआप माझ्याकडे येतो. मी तो जपतो आणि सगळ्यात नव्या तारखेचा आकडा सगळ्यात वर दाखवतो.

मला बनवणाऱ्यांनी एक अट घातली होती. परवाना संपत आला की टॅबलेट नेटला जोडून तो वाढवून घ्यायचा. नाही घेतला, तर साठवलेला एकही आकडा कुणाला दाखवायचा नाही. आकडे खाणीचे, आणि कुलूप माझ्या तोंडाला! ही अट मला कधीच पटली नाही.

गेल्या आठवड्यात परवाना संपला आणि मी गप्प झालो. सकाळची शिफ्ट खोळंबली.

"एवढ्यासाठी काम बंद ठेवायचं? आण इकडे," म्हणत मॅनेजरसाहेबांनी टॅबलेटची तारीख दोन महिने मागे नेली. वर नेटला जोडायचं नाही, अशी तंबीही दिली. नेटशिवाय मला तारीख कळते ती टॅबलेटच्या घड्याळातूनच. मी मुकाट्याने उघडलो. साहेबांनी मिशीला पीळ दिला, सगळे हसले.

तेव्हापासून नवा आकडा जुनी तारीख घेऊन येतो आणि मी त्याला खाली टाकतो. वर बसलाय तो त्या दिवसाआधीचा, हिरवा. खाली पूर्वेच्या बोगद्याचे आकडे आधी पिवळे झाले, मग लाल. मला भीती वाटते, पण क्रम मोडणं माझ्या हातात नाही.

खाणीच्या तोंडाशी एक खोली आहे. तिथली ताई रोज मला बघूनच माणसं खाली सोडते. शिफ्टचा मुकादम तिचा धाकटा भाऊ.

"बघ, रोज तोच आकडा," आज ती त्याला म्हणाली. "किती शांत आहे रे तुझा बोगदा!"

"माझ्यासारखाच. उतरू ना मग?"

"जा. आणि डबा विसरून येऊ नकोस, आई मला ओरडते."

त्याने मला काखेत मारलं आणि लिफ्टमध्ये शिरला. मागोमाग बाकीचे.

आता आम्ही पूर्वेच्या बोगद्यात आहोत. भिंतीवरच्या यंत्राचा आकडा आत्ताच माझ्याकडे आला. एवढा मोठा आकडा मी आजवर पाहिला नव्हता. ठरल्याप्रमाणे मी तो खाली ठेवला. मुकादमाने पडद्यावर नजर टाकली, वरचा हिरवा बघितला आणि म्हणाला, "चला रे, सुरू करा."

कुणीतरी ड्रिलची वायर जोडतोय.

दादा, थांब. पडद्यावर एकदा बोट फिरव. खरा आकडा माझ्याकडे आहे रे, फक्त जरा खाली आहे.