दाई कशी पकडली गेली

“मला माझंच नाव आठवत नाही, साहेब,” ठकी म्हणाली आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

टेबलावर आपटायला उचललेला हेडसरांचा हात तसाच अधांतरी राहिला. हे वाक्य कुठलं, ते त्यांना कळलं नाही. वर्गाच्या बाईंना मात्र लगेच कळलं.

सकाळीच त्यांनी दुसरीच्या वर्गाला दाईची गोष्ट सांगितली होती. देश पारतंत्र्यात असताना बाळंतपणाच्या निमित्तानं घरोघर क्रांतिकारकांचे निरोप पोचवणारी दाई. पकडली गेली, मार खाल्ला, पण कुणाचं नाव काढलं नाही. अधिकारी दरडावतो, आणि दाई आपली म्हणते, मला माझंच नाव आठवत नाही, साहेब. बाई गोष्ट सांगत कसल्या, गातच असत. चाल लावून, टाळी देऊन, ऐन रंगात थांबून. अख्खा वर्ग डोलला होता.

आणि आता शाळा सुटली होती आणि त्याच वर्गातला टिल्लू सापडत नव्हता.

त्याची आई न्यायला आली होती. आजच ती दोघं मामाच्या गावी जायची होती, कायमची. टिल्लूचं दप्तर बाकावरच होतं आणि वरच्या कप्प्यात त्याचा दम्याचा पंप.

“सकाळपासून घरघरतंय हो त्याला,” आई पंप मुठीत आवळून म्हणाली. “झटका आला तर काय करायचं मी?”

“फाटकातून गेला नाही,” शिपाईमामा म्हणाले. “मी हललोच नाही तिथनं. गच्ची बघितली, मोऱ्या बघितल्या.”

म्हणजे शाळेतच. आणि कुठे, ते एकट्या ठकीला ठाऊक. ती दोघं एकाच पाटावर वाढल्यासारखी.

“पोलिसांना बोलावू?” हेडसर कडाडले. “पोलीस काय करतात, माहितीय?”

“मारतात,” ठकी म्हणाली. तिनं हात पुढे केला. “मारा.”

“सर, तुम्ही जरा बाहेर थांबता?” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवलंय पोरांना.”

“हो. म्हणूनच म्हणते, बाहेर थांबा.”

सगळे बाहेर गेले. बाईंनी ठकीसमोर जमिनीवरच फतकल मारली.

“त्याचा श्वास अडकेल गं, राणी. पंप इथं राहिलाय.”

“दाईला पण असंच फसवलं होतं,” ठकी म्हणाली. “अधिकारी म्हणाला, तुझा मुलगा तापानं फणफणलाय. तुम्हीच सांगितलंत.”

बाहेर टिल्लूच्या आईच्या येरझारा ऐकू येत होत्या. दाईचं चुकलं, एवढं म्हटलं की झालं असतं, पण जीभ वळेना. देवा, लेकराचा जीव टांगलाय, तूच काहीतरी सुचव.

“ठके, दाई पकडली कशी गेली, ते सांगितलं का मी?”

ठकीनं वर पाहिलं. “नाही. पुस्तकातही नाहीय.”

कुणालाच ते माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं.

“ती माळ्यावर लपली होती,” बाई म्हणाल्या. आवाजाला चाल नव्हती. “दाराशी सैनिक. खालच्या खोलीत एक बाळंतीण. बाळ झालं, पण ते श्वासच घेईना. घरातल्यांना काही सुचेना. काय केलं असेल दाईनं?”

“गप्प राहिली?”

“दाई होती ती, ठके.”

ठकी फ्रॉकची कड पिळत राहिली. “ओरडली?”

“वरूनच ओरडली. पालथं धरा, पाठ चोळा. बाळ रडलं. पण सैनिकांनी तिचा आवाज ऐकला.”

“म्हणून पकडलं?”

“म्हणून.”

“देवाशपथ?”

देवाची खोटी शपथ बाईंनी जन्मात घेतली नव्हती. देवघरापुढून जातानाही त्या पदर सावरून जात.

“देवाशपथ,” त्या म्हणाल्या.

“स्टेजखाली. जुन्या पडद्यांत.”

शिपाईमामांनी केर काढून झाल्यावर स्टेजखालच्या छोट्या दाराला स्वतःच्या हातानं कडी घातली होती. आता त्यांना ती निघेना. हेडसरांनीच ओढली. धुळीत टिल्लू मुटकुळं करून पडला होता, ओठ काळेनिळे. आईनं त्याला बाहेर ओढून मांडीवर घेतलं, पंप तोंडाला लावला. एकदा. पुन्हा. हळूहळू छातीचा भाता सावकाश हलू लागला.

“वारा घाला की हो,” आई म्हणाली, आणि हेडसर निमूटपणे वर्तमानपत्र हलवू लागले.

टिल्लूची नजर ठकीवर गेली. “तू सांगितलंस.”

ठकी वाकून स्टेजखाली शिरली, पडद्यांतून त्याची एक चप्पल शोधून आणली, फ्रॉकनं पुसली आणि त्याच्या पायाशी ठेवली. त्यानं पाय आखडून घेतला.

“बाई,” ठकी म्हणाली, “त्याला सांगा ना. दाई कशी पकडली ते.”

टिल्लूनं तोंड फिरवलं, पण कान इकडेच होते. आईही पाहत होती. बाई हळूच खाली टेकल्या.

“दाई माळ्यावर लपली होती,” त्यांनी सुरुवात केली. सांगताना त्यांनी ठकीकडे पाहिलं नाही.