जावईबापूंची गाडी

रेल्वेगाड्या चालवायचं कंत्राट एका खासगी कंपनीकडे होतं आणि कंपनीवर नजर ठेवायला सरकारने तपासनीस नेमला होता. माणूस सरळ, कुणाच्या कपभर चहालाही मिंधा नाही. पण वर्षानुवर्षं त्याच मार्गावर फिरल्यावर चेहरा लपतो कुठे? तो डब्यात चढला रे चढला, की गार्ड इंजिनात कळवायचा, "जावईबापू आलेत!" मग काय विचारता, पंखे फिरू लागायचे, संडासात साबण यायचा आणि गाडी प्रत्येक स्टेशनावर अदबीने थांबायची. बिचाऱ्याला वाटायचं, कारभार झकास चाललाय.

त्याची थोरली बहीण मात्र हे ऐकून कपाळावर हात मारायची. ताई मधल्या एका लहानशा स्टेशनाजवळ राहायची आणि शहरातल्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं.

"गाडी थांबतच नाही रे आमच्याकडे," ती फोनवर सांगायची.

"ताई, मी स्वतः त्या गाडीने येतो. थांबते की!"

"तू असलास की थांबते, शहाण्या!"

तो हसण्यावारी न्यायचा. वेळ मोजली जायची ती फक्त शेवटच्या स्टेशनावर. तिथे उशीर झाला तर कंपनीला दंड. आणि तिथे गाड्या वेळेवर पोचत होत्या. म्हणूनच कंपनीने भाडेवाढ मागितली तेव्हा त्याने सेवा समाधानकारक असल्याचा अहवाल देऊन टाकला.

भाडेवाढीच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मालकाने शेवटचं बजावलंय. आता एकदा जरी उशीर झाला तरी माझ्या जागी दुसरी बाई. आणि तू न थांबणाऱ्या गाडीचं भाडं वाढवून देतोयस."

हे त्याला झोंबलं. संध्याकाळची बस पकडून तो तिच्याकडे गेला. गाडीने नाही, बसने. हे आधी कधी सुचलंच नव्हतं, याची त्याला मनातल्या मनात लाज वाटली.

सकाळी दोघं फलाटावर आली. ताईने त्याला पाण्याच्या टाकीमागे उभं केलं. गाडीची वेळ टळून गेली, तेव्हा कुठे लांबून तिचा आवाज आला. आज उशीर झालेला. म्हणजे मधली स्टेशनं गाळून वेळ भरून काढणार, हे आता तपासनिसाच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

"ताई, मी पुढे होतो. मला बघितलं की थांबेल."

"मागेच राहा."

"अगं, नोकरी जाईल तुझी!"

"आज थांबवशील. उद्या काय तुझा फोटो गळ्यात अडकवून उभी राहू?"

त्याचा पाय उचलला गेला होता. ताईने त्याचं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसंच घट्ट. गाडी वळणावर हळू झाली, ड्रायव्हरने फलाटावर एक नजर टाकली, भोंगा वाजवला आणि डबे धडधडत निघून गेले. फलाटावरची माणसं ओरडलीसुद्धा नाहीत. पिशव्या उचलून निमूटपणे बसथांब्याकडे वळली. तपासनिसाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

ताईने दुकानात फोन लावला. बोलणं फार चाललं नाही. फोन पर्समध्ये टाकून तिने डोळे पुसले आणि पदर झटकला.

"तुझी सुनावणी किती वाजता आहे?"

"दुपारी."

"चल, मीही येते. आता मला कुठे कामावर जायचंय?"

सुनावणीत कंपनीचे वकील ऐटीत म्हणाले, की आजचीसुद्धा गाडी वेळेवर पोचली. तपासनीस उठला. "पोचली. पण माणसं फलाटावरच ठेवून पोचली. मी तिथे होतो. माझा अहवाल चुकीचा आहे, मी तो मागे घेतो." वकिलांनी बहिणीकडे बोट दाखवून याला घरच्या माणसासाठी चाललेला कांगावा म्हटलं. "बहीणच आहे माझी," तो म्हणाला. "वर्षभर ती सांगत होती आणि मी तिला खोटं पाडत होतो."

भाडेवाढ अडली. वेळ प्रत्येक स्टेशनावर मोजायची, असा हुकूम निघाला. दुकानदाराने मात्र ताईला परत घेतलं नाही.

नव्या नियमाच्या पहिल्या सकाळी ताई मुद्दाम फलाटावर गेली. गाडी आली, थांबली, माणसं चढली. ताई जागची हलली नाही. गार्डने दारातून हाक मारली, "बाई, चढायचं नाही का?"

"काम मिळालं की चढेन," ताई म्हणाली. "तोवर थांबत जा म्हणजे झालं."